दोर की सुई? देहदंडाच्या वादातून निसटलेला प्रश्न

मृत्युदंड झालेल्या कैद्याला गळफासानेच मारावे, की विषारी इंजेक्शनसारखा कमी यातनेचा पर्याय त्याला द्यावा, हा प्रश्न २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. ज्येष्ठ विधिज्ञ ऋषी मल्होत्रा यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा असा पर्याय देणे व्यवहार्य नसल्याचे केंद्र सरकारने सांगितले. त्यावर, काळानुसार बदलण्याची सरकारची तयारी दिसत नाही, अशी नाराजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने व्यक्त केली. फाशीनंतर कैदी मृत घोषित होण्यास चाळीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो, इंजेक्शनने तेच काम काही मिनिटांत होते, असा याचिकेचा युक्तिवाद आहे.

वरकरणी हा युक्तिवाद माणुसकीचा वाटतो. मारायचेच असेल तर निदान हाल न करता मारावे, यावर कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु इंजेक्शनचा जो अनुभव जगाने गेल्या चार दशकांत घेतला आणि देहदंडाचा जो अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे, ते दोन्ही शेजारी ठेवले तर वेगळेच चित्र दिसते. पद्धत बदलल्याने मरणाऱ्याच्या यातना कमी होतात, याची खात्री कोणी देऊ शकलेले नाही. मारणाऱ्या व्यवस्थेची आणि पाहणाऱ्या समाजाची अस्वस्थता मात्र निश्चित कमी होते. एवढ्यासाठी कायदा बदलायचा का, याचा विचार करायला हवा.

पुण्यातील चौघे

महाराष्ट्राच्या स्मृतीत मृत्युदंड म्हटले की जोशी-अभ्यंकर हत्याकांड पहिल्याने आठवते. आणीबाणीच्या काळातील पुणे. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात शिकणाऱ्या काही तरुणांनी जानेवारी १९७६ मध्ये प्रकाश हेगडे या आपल्याच सहाध्यायाचे खंडणीसाठी अपहरण करून त्याचा खून केला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघांची हत्या झाली. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात संस्कृतचे व्यासंगी पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरकाम करणारी वृद्ध स्त्री असे पाच जण मारले गेले. मार्च १९७७ मध्ये दहावा बळी गेला. मृतदेह नदीत सापडला आणि त्या धाग्यावरून पोलीस मारेकऱ्यांपर्यंत पोहोचले.

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा अशी आरोपींची नावे. पाचवा साथीदार माफीचा साक्षीदार झाला. मे १९७८ मध्ये सुरू झालेला खटला सप्टेंबरमध्ये संपला आणि २८ सप्टेंबर रोजी चौघांना देहदंड सुनावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९७९ मध्ये शिक्षा कायम केली. नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी नाकारली. दयेचे अर्जही फेटाळले गेले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली.

त्या काळचे पुणे ज्यांनी अनुभवले, त्यांना दिवेलागणीनंतर ओस पडणारे रस्ते आणि दाराला लागलेल्या जादा कड्या आजही आठवतात. मारेकरी परके नव्हते, मध्यमवर्गीय वस्तीत वावरणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते, हा धक्का गुन्ह्याइतकाच मोठा होता. त्यामुळे या फाशीबद्दल पुण्यात फारशी हळहळ व्यक्त झाली नाही आणि ते स्वाभाविकही होते. दहा माणसांच्या जिवाचा हिशेब मनात असताना चौघांच्या शेवटच्या क्षणांतील वेदनेचा विचार करण्याची मन:स्थिती समाजाची नसते.

तरीही या प्रकरणाने एक अवघड प्रश्न मागे ठेवला. मुनव्वर शहा याने तुरुंगात आपली कहाणी लिहिली. ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ या पुस्तकाचे नावच कबुलीचे आहे. गुन्हेगार म्हणून पकडला गेलेला तरुण आणि फासावर चढलेला माणूस यांच्या मध्ये साडेसहा वर्षांहून अधिक काळ गेला होता. या काळात माणूस बदलला असेल, तर कायद्याने त्याची दखल घ्यावी का? दखल घ्यायची, तर कोणत्या मापाने? या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मिळाले नाही, आजही मिळालेले नाही.

१९८३ चा निकाल

या चौघांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात मृत्युदंडासंबंधीचे दोन मोठे वाद सर्वोच्च न्यायालयात चालू होते. पहिला विलंबाचा. फेब्रुवारी १९८३ मध्ये एका खंडपीठाने, शिक्षेनंतर दोन वर्षांहून अधिक काळ अंमलबजावणी रखडली तर कैद्याला जन्मठेपेची मागणी करता येईल, असे म्हटले. महिनाभरातच दुसऱ्या खंडपीठाने असा सरसकट नियम मानण्यास नकार दिला. दुसरा वाद पद्धतीचा. ‘मरेपर्यंत गळफास’ ही फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतूद घटनेच्या एकविसाव्या कलमाशी सुसंगत आहे का, हा प्रश्न दीना या कैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात उपस्थित झाला होता.

२३ सप्टेंबर १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने फाशीची पद्धत वैध ठरवली. शिक्षेची पद्धत क्रूर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. मात्र फाशीमुळे इतर कोणत्याही ज्ञात पद्धतीपेक्षा अधिक वेदना होतात असे दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर दोन महिन्यांत येरवड्यात चौघे फासावर गेले.

त्या वेळी न्यायालयापुढे तुलनेला काय होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. विषारी इंजेक्शनने पहिला मृत्युदंड अमेरिकेतील टेक्सास राज्यात ७ डिसेंबर १९८२ रोजी अमलात आला होता. म्हणजे दीना खटल्याच्या निकालाच्या वेळी जगाला या पद्धतीचा पुरता एक वर्षाचाही अनुभव नव्हता. पुढे वीस वर्षांनी, २००३ मध्ये, न्या. एम. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या १८७ व्या अहवालात फाशीला पर्याय म्हणून इंजेक्शनची शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही गळफासाची तरतूद जशीच्या तशी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने फाशीतील वेदनेविषयी नवी वैज्ञानिक माहिती आहे का, अशी विचारणा केंद्राला केली. वडिलांनी दिलेल्या निकालाचा फेरविचार चाळीस वर्षांनी मुलासमोर यावा, हा न्यायालयीन इतिहासातील योगायोगच म्हणावा लागेल.

सॅन क्वेंटिनमधील एक मृत्यू

इंजेक्शनने प्रश्न सुटतो का, हे पाहण्यासाठी ज्या देशाने ते सर्वाधिक चर्चेत आणले त्या अमेरिकेकडे वळावे लागेल. स्टॅन्ली विल्यम्स याची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. १९५३ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण लॉस एंजलिसमधील ‘क्रिप्स’ या कुख्यात टोळीच्या संस्थापकांपैकी एक. १९७९ मध्ये दोन दरोड्यांत चार जणांचे खून केल्याबद्दल १९८१ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. बळींमध्ये रात्रपाळीला दुकान सांभाळणारा तरुण होता, तसेच मोटेल चालवणाऱ्या तैवानी कुटुंबातील आई, वडील आणि मुलगी होती.

तुरुंगात त्याने १९९६ पासून मुलांसाठी पुस्तके लिहिली. टोळीयुद्धाच्या वाटेला जाऊ नका, हा त्यांचा विषय. नोबेल पुरस्कारासाठी त्याचे नाव सुचवले गेले. त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघाला. शिक्षा माफ व्हावी म्हणून नामवंतांनी आवाज उठवला. मात्र ते चार खून आपण केलेच नाहीत, हे म्हणणे त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी नेमका हाच मुद्दा धरला. ज्याला पश्चात्ताप नाही त्याचे परिवर्तन खरे कसे मानावे, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. १३ डिसेंबर २००५ रोजी मध्यरात्रीनंतर सॅन क्वेंटिन तुरुंगात विल्यम्सला इंजेक्शन देण्यात आले. सुई टोचण्यासाठी शीर सापडायला कर्मचाऱ्यांना बराच वेळ लागल्याचे उपस्थित पत्रकारांनी नोंदवले. १२ वाजून ३५ मिनिटांनी त्याला मृत घोषित करण्यात आले. या निर्णयाचा निषेध इतका झाला की श्वार्झनेगर यांच्या जन्मगावाजवळच्या ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात स्टेडियमला दिलेले त्यांचे नाव काढले गेले.

पुणे आणि लॉस एंजलिस येथील ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की दयेच्या तर्कशास्त्रातील विसंगती उघडी पडते. विल्यम्सने कबुली दिली नाही म्हणून त्याचे बदललेपण खोटे ठरले. मुनव्वर शहाच्या पुस्तकाच्या तर शीर्षकातच कबुली होती, तरी त्याचाही शेवट तोच झाला. एकाच्या बाबतीत कबुलीचा अभाव निर्णायक मानला गेला आणि दुसऱ्याच्या बाबतीत तिला वजन नव्हते. म्हणजे परिवर्तन मोजण्याचे साधन कोणाच्याच हाती नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे, तो त्या वेळच्या लोकमताचा कानोसा घेऊन निर्णय देतो. एक कैदी दोराने गेला आणि दुसरा सुईने, या फरकाने या विसंगतीला काडीचाही फरक पडत नाही.

सुई नेमकी कोणासाठी?

अमेरिकेत रूढ झालेल्या मूळ पद्धतीत तीन औषधे एकापाठोपाठ एक दिली जात. पहिल्याने गुंगी येते, दुसऱ्याने सर्व स्नायू लुळे पडतात, तिसऱ्याने हृदय थांबते. यातील दुसऱ्या औषधाची गरज काय, हा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. गुंगी पुरेशी आली नसेल तर कैद्याला हृदय जाळत जाणाऱ्या औषधाची वेदना होऊ शकते, पण स्नायू लुळे पडल्याने तो हलू शकत नाही की ओरडू शकत नाही. काचेपलीकडून पाहणाऱ्यांना माणूस शांत झोपी गेल्यासारखा दिसतो. वेदना नाहीशी झाली की केवळ दिसेनाशी झाली, हे सांगायला कोणी उरत नाही.

विल्यम्सनंतर दोनच महिन्यांनी हाच मुद्दा कॅलिफोर्नियातील न्यायालयात आला. दुसऱ्या एका कैद्याच्या शिक्षेच्या वेळी भूलतज्ज्ञ हजर राहावेत, असा पर्याय न्यायालयाने सुचवला. नेमलेल्या दोघा भूलतज्ज्ञांनी ऐनवेळी माघार घेतली आणि ती शिक्षा थांबली. जीव वाचवण्यासाठी शिकलेली विद्या जीव घेण्यासाठी वापरायला वैद्यक व्यवसायाने नकार दिला. जानेवारी २००६ नंतर त्या राज्यात एकही मृत्युदंड अमलात आलेला नाही.

इतरत्र अनुभव याहून वाईट आला. एप्रिल २०१४ मध्ये ओक्लाहोमा राज्यात क्लेटन लॉकेट हा कैदी इंजेक्शननंतर ४३ मिनिटांनी मरण पावला आणि मधल्या काळात तो तडफडताना दिसला. औषध कंपन्यांनी आपली औषधे या कामासाठी विकण्यास नकार दिल्यामुळे राज्यांना नवनवे मिश्रण शोधावे लागले. मुंबईतील एका औषध कंपनीने अमेरिकेतील नेब्रास्का राज्याला विकलेले भुलीचे औषध देहदंडासाठी वापरले जाणार असल्याचे कळल्यावर २०११ मध्ये त्या कामासाठीची विक्री थांबवली होती. अलाबामा राज्यात २०२२ मध्ये केनेथ स्मिथ याच्या शरीरात सुई नीट बसवता न आल्याने त्याला परत कोठडीत नेण्यात आले आणि जानेवारी २०२४ मध्ये नायट्रोजन वायूने मारण्यात आले. फास, वीज, वायू, सुई आणि पुन्हा वायू असा हा प्रवास आहे. प्रत्येक नवी पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा मानवी म्हणून आली आणि काही वर्षांत तिचेही वाभाडे निघाले.

उजेडातून भिंतीआड

शिक्षेची पद्धत ही शिक्षा देणाऱ्या सत्तेविषयी काही सांगत असते. जुन्या सातारा जिल्ह्याला याचा दुहेरी अनुभव आहे. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर इंग्रजांनी सतरा जणांना उघड्यावर मारले. काहींना फासावर लटकवले, काहींना तोफेच्या तोंडी दिले, काहींना गोळ्या घातल्या. रयतेच्या मनात दहशत बसावी, हा त्यामागचा हेतू होता आणि तो लपवण्याची गरज सत्तेला वाटली नाही.

त्याच जिल्ह्यात १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. आज सांगली जिल्ह्यात असलेले, जी. डी. बापू लाड यांचे कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र. प्रतिसरकारने गावोगावी न्यायदानाची व्यवस्था लावली, सावकार आणि दरोडेखोरांना जरब बसवली. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरून विरोधकांनी त्याला ‘पत्री सरकार’ असे नावही दिले. त्या शिक्षांत कठोरपणा होता. आजच्या कायद्याच्या कसोटीला त्या उतरणार नाहीत आणि त्यांचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. पण शिक्षा देणारे आणि ती पाहणारे एकाच गावकीतले होते. उद्या त्याच पारावर बसायचे असल्याने निवाड्याचे उत्तर त्यांना शेजाऱ्यांना द्यावे लागे.

आधुनिक देहदंडातून ही उत्तरदायित्वाची बाजू निसटली आहे. तो पहाटे, तुरुंगाच्या भिंतीआड, मोजक्या अधिकाऱ्यांसमोर अमलात येतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये अजमल कसाबला येरवड्यात फाशी दिल्याची बातमी देशाला ते घडून गेल्यावर कळली. इंजेक्शन ही या लपवाछपवीची पुढची पायरी आहे. त्यात दोर नाही, झडप नाही, खटका ओढणारा हात नाही. रुग्णालयातील खाटेसारखी खाट आणि सलाइनची नळी असते. राज्यसंस्था माणूस मारत आहे, ही जाणीवच त्या देखाव्यातून पुसली जाते.

खरा प्रश्न

मग मृत्युदंडाच्या चर्चेत महत्त्वाचे काय? महाराष्ट्रातीलच काही प्रकरणे त्याचे उत्तर देतात. लहान मुलांची अपहरणे करून हत्या केल्याबद्दल कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना मृत्युदंड दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो कायम केला. दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला. त्या अर्जाच्या निर्णयाला लागलेल्या सात वर्षे दहा महिन्यांच्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ती शिक्षा जन्मठेपेत बदलावी लागली. पुण्यातील २००७ च्या एका बलात्कार व खून खटल्यातील दोघांची फाशीही २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने विलंबाच्याच कारणाने रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. फायली टेबलावर पडून राहतात. त्याची किंमत एकीकडे बळींचे नातेवाईक मोजतात आणि दुसरीकडे रोज मृत्यूची वाट पाहणारा कैदी. सुईचा पर्याय दिल्याने या फायली एक दिवसही लवकर हलणार नाहीत.

याहून गंभीर प्रकरण नाशिक परिसरातील आहे. २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या आरोपाखाली भटक्या जमातीतील सहा जणांना शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सहाही जणांचा मृत्युदंड योग्य ठरवला. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार करून सर्वांना निर्दोष सोडले, तपासावर कठोर ताशेरे ओढले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तोपर्यंत सोळा वर्षे उलटली होती. मधल्या काळात शिक्षा अमलात आली असती, तर ती फाशीने आली की इंजेक्शनने, याला काय अर्थ उरला असता?

ही माणसे गरीब होती, हा योगायोग नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील मृत्युदंडाच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. चांगला वकील कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, यावर जीव अवलंबून राहत असेल, तर ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही १९८० पासूनची कसोटी कागदावरच राहते. मूळच्या सोलापूरच्या न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवादी गुन्हे वगळता मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस केली, तिच्यामागे हीच चिंता होती. २००३ च्या आयोगाने पद्धतीचा विचार केला आणि २०१५ च्या आयोगाने शिक्षेचाच. या बारा वर्षांत विचार जेथवर पोहोचला, तेथून मागे येऊन पुन्हा दोर आणि सुई यांची तुलना करत बसणे हे पुढचे पाऊल ठरणार नाही.

देहदंड असावा असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांवर जे ओढवले, ते आठवले की कोणाचेही मन कठोर होते. पण अशा कठोर मनाला हवा असलेला न्याय देण्यासाठी तपास निर्दोष हवा, आरोपीला सक्षम वकील हवा आणि दयेच्या अर्जाचा निर्णय महिन्यांत लागायला हवा. यातील एकही गोष्ट आज खात्रीने होत नाही. ज्यांना मृत्युदंड टिकवायचा आहे, त्यांनी आधी याची जबाबदारी घ्यावी. ती घेता येत नसेल, तर वेदनारहित मृत्यूची भाषा ही कैद्याच्या वाट्याला आलेली दया ठरत नाही. आपल्याच मनाला दिलेली ती भूल आहे.